फाटणाऱ्या पुस्तकांसाठी देणगी

पत्र

ताई, नमस्कार. मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस, गाव पारोळा तालुक्यात. माझी माय गेल्या वर्षी वारली. तिला अक्षरओळख नव्हती, पण ओव्या आणि गोष्टी इतक्या यायच्या की रात्र पुरायची नाही. गंधमुक्तीला गावजेवण झालं, त्यात बराच पैसा गेला. वर्षश्राद्धाला तसं काही करायचं नाही असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं आणि मिळून तीन लाख रुपये बाजूला काढले. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, त्याला मायच्या नावाने द्यावेत असं मनात आहे. अध्यक्ष म्हणतात, दारावर कमान बांधू, नाहीतर काचेची कपाटं आणि मोठे ग्रंथ घेऊ, वर नाव कोरू. सून डी.एड. झालेली आहे, नोकरी नाही. ती म्हणते, लहान मुलांची पुस्तकं घ्या, मी वाचून दाखवीन. थोडं मानधन मिळालं तर बरंच. पण माझा नातू तीन वर्षांचा आहे, पुस्तक हातात दिलं की पानं ओढतो. त्याच्या धाकट्या बहिणीचं तर विचारूच नका, ती चावते. एवढ्या लहान पोरांना पुस्तकं देऊन उपयोग काय? शिवाय घरात सगळे अहिराणी बोलतात आणि पुस्तकं शुद्ध भाषेतली. धाकटा भाऊ म्हणतो, वाचनालयाला दिलेला पैसा संचालकांच्या खिशात जातो. मुलगा विचारतो, टॅक्समध्ये सूट मिळेल का. काय करावं?
— नाना, पारोळा तालुका

उत्तर

नाना, नमस्कार.

कमान बांधू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. कमानीमुळे वाचनालयात एकही माणूस जास्त येत नाही. काचेच्या कपाटांचं त्याहून वाईट. कपाटाला कुलूप लागतं, किल्ली ग्रंथपालाकडे जाते आणि आतले जाडजूड ग्रंथ पुढच्या तपासणीपर्यंत कुणी हलवत नाही. अध्यक्षांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. दिसणारी वस्तू प्रत्येक समितीला हवी असते, कारण ती पाहुण्यांना दाखवता येते.

तुमचे तीन लाख नेमके कुठे कामाला येतील हे कळायचं तर गावचं वाचनालय कशावर चालतं ते बघायला हवं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर ठेवलेला नाही. तामिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात, आपल्याकडे तसं नाही. इथे गावातली चार माणसं एकत्र येऊन संस्था काढतात, धर्मादाय कार्यालयात तिची नोंदणी करतात, आणि मग ग्रंथालय संचालनालय तिला अ, ब, क, ड यांतला एक वर्ग देऊन त्याप्रमाणे दरवर्षी अनुदान देतं. खेड्यातली वाचनालयं बहुतेक क किंवा ड, म्हणजे खालच्या वर्गातली. २०२२ मध्ये सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली खरी, पण मुळात रक्कमच इतकी लहान की वाढ धरूनही ड वर्गाच्या वाचनालयाला त्यातून एका माणसाला पोटापुरता पगार देता येत नाही. त्यातच वर्तमानपत्रांची बिलं, वीज, बाइंडिंग, वर्षाची ग्रंथखरेदी. आणि हप्ता वेळेवर येईल याचा भरवसा नाही. म्हणून तुमच्या गावचा ग्रंथपाल सकाळी दोन तास दार उघडतो, पेपर मांडतो आणि नंतर शेतात किंवा दुकानात जातो. त्याला मी दोष देणार नाही.

आता यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक, म्हणजे नोंदवहीतला क्रमांक पडतो. तपासणीला अधिकारी आले की पुस्तक दाखवावं लागतं. फाटलं, हरवलं तर ते बाद करण्यासाठी ठराव, यादी, कागदपत्रं. हा नियम चुकीचा नाही, सार्वजनिक पैशाचा हिशोब तसाच हवा. पण त्याचा परिणाम काय होतो? ग्रंथपाल लहान मुलांच्या हातात पुस्तक देत नाही. ‘मोठा झालास की ये’ म्हणतो. तीन वर्षांच्या मुलाला पुस्तक द्यायचं म्हणजे ते फाटणार हे त्याला ठाऊक असतं, आणि फाटलेल्या पुस्तकाचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणजे ज्या वयात पुस्तकाची गोडी लागते, नेमकं त्याच वयाला वाचनालयाचं दार बंद.

तुमची देणगी इथे कामाला येते. अनुदानाच्या पैशाला जे परवडत नाही ते देणगीच्या पैशाला परवडतं. लहान मुलांसाठी अशी पुस्तकं घ्या, जी फाटली तर कुणाला जाब द्यावा लागणार नाही. त्यांची नोंद वेगळ्या देणगी रजिस्टरमध्ये ठेवायची, आणि देणगीपत्रातच लिहून द्यायचं की ही पुस्तकं वापरून संपावीत यासाठीच दिली आहेत, दरवर्षी यातला तिसरा हिस्सा झिजून बाद झाला तरी आमची हरकत नाही. एवढं एक वाक्य कागदावर आलं की ग्रंथपालाचा जीव भांड्यात पडेल. आणि वर्षअखेरीस एकही पुस्तक फाटलेलं नसेल, तर नाना, तेव्हा मात्र काळजी करा. याचा अर्थ ती कपाटाबाहेर आलेलीच नाहीत.

आता तुमच्या नातवंडांकडे वळते. नातीला चावू द्या. सहा-आठ महिन्यांचं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, पुस्तक त्याला अपवाद कसं असेल? या वयासाठी जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल केलेली पुस्तकं मिळतात, ती लाळेने लगेच खराब होत नाहीत. नातू पानं ओढतो म्हणजे पान उलटतं हे त्याला कळलंय. पुस्तक सुलट कसं धरायचं, वाचन डावीकडून उजवीकडे जातं, चित्राखालच्या काळ्या रेघोट्यांत काहीतरी दडलंय आणि मोठं माणूस बोलतंय ते तिथूनच येतंय, या गोष्टी मोठ्यांना इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या शिकाव्या लागतात हेच आपण विसरतो. ज्या मुलाला हे पाचव्या वर्षाआधी मांडीवर बसून कळलं, त्याला पहिलीत फक्त अक्षरं शिकायची उरतात. ज्याला नाही कळलं त्याला सगळं एकदम शिकावं लागतं, वर्गात तीस-चाळीस पोरांमध्ये, तेही घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हे वय मिळून पायाभूत टप्पा धरलाय. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच सांगून टाकलं की मुलांना वाचून दाखवायला जन्मापासून सुरुवात करावी. यातलं काहीच अंगणवाडीच्या सेविकेला ऐकवायला जाऊ नका, तिच्या डोक्यावर आधीच पोषण आहार, वजनं, सर्वेक्षणं आणि मोबाइलवरच्या नोंदींचा ढीग आहे. तिची मदत मात्र घ्या, ती कशी ते पुढे सांगते.

वाचून दाखवणं म्हणजे काय, हेही एकदा बोलून घेऊ, कारण आपल्याकडे मुलाच्या हातात पुस्तक दिलं की लगेच ‘हे कोणतं अक्षर, सांग बरं’ सुरू होतं. तसं करू नका. मुलाला जवळ घ्यावं, चित्रावर बोट ठेवावं, विचारावं, तो काय सांगतो ते ऐकावं, त्यात थोडी भर घालावी आणि पान उलटावं. तेच पुस्तक तो पुन्हा मागेल, दहाव्यांदाही मागेल. कंटाळा आपल्याला येतो, त्याला येत नाही. चार दिवसांनी तो पुस्तक उलटं धरून स्वतःच ‘वाचायला’ लागेल, तोंडपाठ झालेली गोष्ट जशीच्या तशी म्हणेल. घरातले हसतात. हसू नये. ते वाचनच आहे, फक्त अक्षरं यायची बाकी आहेत.

अहिराणीचं म्हणाल तर मला त्यात अडचण दिसतच नाही. पुस्तकात प्रमाण मराठी छापलेली असली तरी सांगणाऱ्याच्या जिभेवर ती अहिराणी होऊ शकते. चित्रावर बोट ठेवून ‘हाई काय शे?’ विचारलं तर बिघडलं कुठे? उलट चार वर्षांच्या मुलाला गोष्ट आधी त्याच्या घरच्या बोलीत कळू द्यावी, मग तीच गोष्ट पुस्तकातल्या शब्दांत वाचावी. अर्थ आधीच डोक्यात असला की नवे शब्द त्याला चिकटतात. नंदुरबारकडे भिली आणि पावरी बोलणाऱ्या पोरांनाही हेच लागू. तुमच्या मायला अक्षर येत नव्हतं आणि रात्रभर गोष्टी येत होत्या असं तुम्ही लिहिलंय. आसोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं; त्यांचं बोलणं घरच्यांनी कागदावर उतरवलं म्हणून १९५२ मध्ये ते पुस्तकरूपात आपल्यापर्यंत आलं. खानदेशात ज्या घराला आपण निरक्षर म्हणतो तिथे भाषेचा तुटवडा कधीच नव्हता. पुस्तकांचा होता.

एक उपाय सुचवते. प्रथम बुक्स या संस्थेचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावरच्या चित्रगोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन कुणीही भाषांतर करावं, छापावं, वाटावं. तुमच्या सुनेने आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी बसून दहा-बारा गोष्टी अहिराणीत केल्या, तर पारोळ्याला रंगीत झेरॉक्सवर त्या छापून होतील. आता बाजारात अहिराणी चित्रपुस्तकं शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागणार नाही. मराठीसाठी मात्र पर्याय पुष्कळ आहेत: ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं आहेत. प्रदर्शनात किलोवर मिळणारे चकचकीत संच घेऊ नका. त्यांत चित्रं परक्या घरांची असतात आणि मराठी अशी की वाचणाऱ्याची जीभ अडखळते.

पण नुसती पुस्तकं पुरत नाहीत. पुस्तकांचे गठ्ठे देऊन निघून गेलेले देणगीदार प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि ते गठ्ठे न सोडलेल्या सुतळीसकट अजून तिथेच आहेत. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी तासभर, सतरंजीवर बसून वाचून दाखवणारं माणूस हवं. सरकारी अनुदानात अशा माणसाची तरतूद नाही. म्हणून माझ्या मते तुमच्या देणगीचा मोठा वाटा त्या माणसाच्या मानधनावर जावा. मानधनाला पावती असते, पाटी नसते, म्हणून देणगीदारांना ते रुचत नाही. तुम्ही कमान सोडायला तयार असाल तर हेही पचेल.

आता सुनेचं. तिची कल्पना तुमच्या तिघा भावंडांच्या आणि अध्यक्षांच्या कल्पनेपेक्षा चांगली आहे, हे तिला माझ्या वतीने सांगा. पण तुमच्याच देणगीतून तुमच्याच सुनेला मानधन, हे मात्र नको. धर्मादाय संस्थेला दिलेला पैसा फिरून देणगीदाराच्या घरी आला तर लेखापरीक्षक भुवया उंचावतो, आणि गाव काय म्हणेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गावात अशी दुसरी शिकलेली मुलगी नक्की असेल, डी.एड. करून भरतीची वाट बघणाऱ्यांना आपल्याकडे तोटा नाही. समितीने तिची निवड करावी, ठराव करावा, मानधन बँकेतून द्यावं. सुनेला मनापासून वाचून दाखवायचं असेल तर तिने एक दिवस विनामोबदला घ्यावा. नाही म्हणाली तर तिच्यावर रागावू नका. शिकलेल्या मुलीने घरचं काम सांभाळून फुकट समाजसेवाही करावी, ही अपेक्षा करणं आपल्याला फार सोपं जातं. पुस्तकं निवडायचं काम तरी तिच्याकडे द्या, त्यात तिची नजर उपयोगी पडेल.

पैशाचं गणित असं मांडून बघा. लोक म्हणतील, सगळे तीन लाख कायम निधीत ठेवा, व्याजावर जन्मभर चालेल. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला १९,५०० रुपये येतील, आणि दहा वर्षांनीही तेवढेच येतील, तेव्हा त्यांत निम्मीच पुस्तकं बसतील. मला हे पटत नाही. आज तीन वर्षांचं असलेलं मूल पाच वर्षांत आठ वर्षांचं होणार, ते आपल्या व्याजासाठी थांबत नाही. एक लाख कायम निधीत ठेवा आणि दोन लाख पाच वर्षांत खर्चून टाका. वर्षाला ४०,००० होतात. त्यातले २४,००० मानधनाला, म्हणजे महिन्याला २,०००. उरलेल्या १६,००० मधले १०,००० वाचनालयातल्या बालपुस्तकांना. सरासरी शंभर रुपयांनी धरली तर दरवर्षी शंभर नवी पुस्तकं येतात, फाटलेल्यांची जागा भरून निघते. कायम निधीच्या व्याजाला पहिली पाच वर्षं हात लावायचा नाही. साडेसहा टक्क्यांनी ते एक लाख पाच वर्षांत सुमारे १,३७,००० होतात, आणि उपक्रम रुजला असेल तर पुढे चालवायला तेवढा तरी आधार राहतो. रुजला नसेल तर व्याजाने तो रुजणारही नव्हता.

उरले वर्षाचे ६,०००. हे मी मुद्दाम बाजूला ठेवलेत, आणि अंगणवाडी सेविकेची मदत इथे लागते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये बुकस्टार्ट नावाचा उपक्रम सुरू झाला: बाळ आरोग्य तपासणीला आलं की आईच्या हातात पुस्तकांची पिशवी द्यायची. त्याआधी १९८९ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात डॉक्टरांनी असंच काहीसं सुरू केलं होतं. तिकडेच टेनेसी राज्यात डॉली पार्टन या गायिकेने १९९५ पासून आपल्या भागातल्या मुलांना जन्मल्यापासून पाच वर्षांची होईपर्यंत दरमहा एक पुस्तक टपालाने घरी पाठवायला सुरुवात केली. आता ते काम कित्येक देशांत चालतं आणि गावोगावच्या संस्था देणग्या जमवून खर्चाला हातभार लावतात. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यातून हे सुचलं असं ती सांगते. तुम्हाला टपालाची गरज नाही. गावात लसीकरणाचा दिवस असतोच. नऊ महिने पूर्ण झालेलं बाळ गोवर-रुबेलाच्या डोसला आलं की एक पुठ्ठ्याचं पुस्तक आईच्या हातात द्यायचं, आणि ‘हे बाळासाठी, वाचनालयात अजून आहेत’ एवढं सांगायचं. वर्षाला चाळीस बाळं धरली आणि पुस्तक दीडशेचं धरलं तर बरोबर ६,००० होतात. ज्या आईने वाचनालयाची पायरी कधी चढलेली नसते, तिच्या घरात वाचनालय असं स्वतःहून जातं. सेविकेला यात नोंद ठेवायला लावू नका. वाचनालयाचा माणूस त्या दिवशी तिथे हजर राहील असं बघा.

देणगीतून वाचनालय ही गोष्ट आपल्या भागाला काही नवी नाही. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ चं, आणि वल्लभदास वालजी हे नाव ते अजून मिरवतं. अमळनेरला प्रताप शेठजींच्या पैशातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. पण मला तुमच्या पत्रावरून आठवला तो कवळाण्याचा मुलगा. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे, म्हणजे आपल्याच बोलीचा टापू. तिथला गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यभर मोफत वाचनालयं काढली. खेड्यांसाठी त्यांची रीत अशी की गावाने जेवढी रक्कम उभी करायची तेवढीच स्थानिक बोर्डाने आणि तेवढीच सरकारने घालायची. ही रीत तुम्हीही वापरा. देणगीपत्रात लिहा की बालविभागासाठी गाव दरवर्षी ५,००० रुपये जमवेल तरच पुढच्या वर्षाचा हप्ता मिळेल. पाच हजार गावाला जड नाहीत, कानबाईच्या उत्सवाच्या वर्गणीत त्याच्या कितीतरी पट जमतात. पण स्वतःचे पैसे घातलेले लोक येऊन बघतात, ते चालतंय की नाही. आणखी एक: कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांसाठी, बालविभागासाठी मदत देतं. अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. अध्यक्षांना कपाटं हवीच असतील तर ती तिथून मागू देत. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करायला सांगा.

आता धाकट्या भावाची शंका. ती मी उडवून लावणार नाही. राज्यात २०१२ मध्ये ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा फक्त कागदावर चालणारी वाचनालयं किती आहेत ते सगळ्यांनी पाहिलं. तुमचं वाचनालय कोणत्या जातीचं आहे हे ओळखायला अध्यक्षांशी बोलून उपयोग नाही. देवघेव रजिस्टर मागा. गेल्या तीन महिन्यांत किती पुस्तकं बाहेर गेली, कुणाच्या नावावर, हस्ताक्षर एकाच दिवशी एकाच पेनाने ओढल्यासारखं दिसतंय का, ते बघा. मग गेल्या दोन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय कार्यालयातली नोंद बघा: विश्वस्तांची नावं अद्ययावत आहेत का, की वारलेली माणसं अजून कार्यकारिणीवर आहेत. रजिस्टर दाखवायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा. मग गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीशी बोला, नाहीतर अमळनेरच्या साने गुरुजी ग्रंथालयासारख्या जुन्या, चालत्या संस्थेकडे जाऊन ‘आमच्या गावात आठवड्याला पुस्तकांची पेटी पाठवाल का’ असं विचारा. हेतू मुलांपर्यंत पुस्तक जाण्याचा आहे, गावच्याच संस्थेला पैसे देण्याचा नाही.

रजिस्टर ठीक निघालं तरी सगळे पैसे एकदम देऊ नका. पहिल्या वर्षाचे ४०,००० आणि कायम निधीचे एक लाख, एवढेच आधी द्या. ते धनादेशाने किंवा बँकेतून, संस्थेच्या खात्यावर. बाकीचे तुमच्याकडेच ठेवीत राहू द्या. पावतीवर कारण लिहून घ्या, ‘बालविभागासाठी’. कायम निधीसाठी तुमचं वेगळं लेखी पत्र हवं, कारण त्या पत्राशिवाय ती रक्कम साध्या देणगीत जमा धरली जाते आणि चालू खर्चात वाहून जाते.

टॅक्सचं मुलाला थोडक्यात सांगा. सूट तेव्हाच मिळते जेव्हा वाचनालयाकडे देणगीवर सूट देणारी आयकर खात्याची मान्यता असते, जिला लोक ८०-जी म्हणतात, आणि गावोगावच्या लहान वाचनालयांकडे ती बहुधा नसते. असलीच तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर काही मिळत नाही. पुस्तकं विकत घेऊन दिली तरी मिळत नाही, पैसेच द्यावे लागतात. संस्थेकडून देणगीचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आणि मुलगा नव्या करप्रणालीत असेल तर हा सगळा परिच्छेद त्याने सोडून द्यावा, तिथे ही वजावटच नाही. तुम्हा भावंडांपैकी कुणी जुन्या प्रणालीत असेल तर त्याने आपला वाटा आपल्याच खात्यातून द्यावा.

मायचं नाव कुठे घालायचं, हा प्रश्न उरला. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर एक छोटी चिठ्ठी चिकटवा, तिचं नाव आणि गाव. आणि संध्याकाळच्या त्या तासाला ‘मायनी गोट’, मायची गोष्ट, म्हणा. पोरं आठवड्यातून दोनदा ते नाव घेतील, कमानीकडे कुणी मान वर करून बघतही नाही. सुरुवात वर्षश्राद्धाला करायची की कधी, ते तुमच्या घरातल्यांनी ठरवावं. मला विचाराल तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया बरी. त्या दिवशी आपल्याकडे पूर्वजांची घागर भरतात, सासरी गेलेल्या लेकी पोराबाळांसह माहेरी आलेल्या असतात, शाळांना सुट्टी असते. सतरंजी टाकली की पोरं गोळा व्हायला वेळ लागणार नाही, आणि गावातल्या दोन-चार आज्यांना पुढे बसवलं तर ‘आखो एक सांग’, आणखी एक सांग, म्हणणाऱ्यांत मोठेही निघतील.

घरातली जुनी पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि कुणीतरी भेट दिलेली चरित्रं मात्र या निमित्ताने वाचनालयात नेऊन टाकू नका. ती रद्दीवाल्याला द्या.

आणि त्या धाकट्या भावाला दर सहा महिन्यांनी वाचनालयात जाऊन बालविभागाचा हिशोब, देवघेव आणि फाटलेल्या पुस्तकांची यादी तपासायचं काम द्या. पुढचा हप्ता त्याच्या सहीशिवाय सोडायचा नाही. संशयी माणूस घरात असला की एरवी त्रास होतो, पण या कामाला त्याच्याइतका योग्य कुणी नाही.